बेट की बर्फ? दोन्हीकडे मोजे वाळवून आलेल्याचं मत

पलटणीत असताना कुठं जायचंय हे कुणी विचारत नाही. ऑर्डर येते, काळी पेटी भरायची, तिच्यावरचा नाव-नंबर पांढऱ्या रंगानं पुन्हा एकदा गिरवायचा आणि निघायचं. मी अंदमानला गेलो तो असाच आणि पुढं लडाखला गेलो तोही असाच. पण नंतर ईआरईवर, म्हणजे काही वर्षं पलटणीबाहेरच्या नेमणुकीवर जायची वेळ आली तेव्हा साहेबांनी चक्क विचारलं, दोन जागा आहेत, बेट की बर्फ, उद्याच्या रोलकॉलपर्यंत सांग. सगळ्या नोकरीत एवढी एकच चॉईस मिळाली मला. आता गावाकडची पोरं फोन करून तेच विचारतात, मामा तुम्ही दोन्हीकडं होता ना, काय टाकू? म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. भत्ते, रॅशनचा स्केल, सुट्टीचे दिवस यात पडत नाही, ते तुम्हाला पाठच असतं आणि नसेल तर क्लार्क सांगेल.

अंदमान म्हटलं की घरच्या पोरांना निळं पाणी दिसतं आणि म्हाताऱ्यांना काळं पाणी आठवतं. दोन्ही आहेत तिथं. पण पायदळातल्या माणसाचं पाणी तिसरंच, ते हवेत असतं. त्यावर नंतर येतो.

आधी बेटाचं चांगलं सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलतोय. पहिली गोष्ट म्हणजे श्वास. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी पीटीला पळायला लावलं तरी काही होत नाही, फक्त घाम. शिवाय माणसं चांगली, बंगाली, तमिळ, तेलुगू सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात त्यामुळं बाजारात अडत नाही. मी कॅम्पबेल बेला महिनाभर डिटॅचमेंटवर होतो, म्हणजे ग्रेट निकोबारला, पोर्ट ब्लेअरपासून पाचशे किलोमीटरहून जास्त दक्षिणेला (पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, पण माझ्या तोंडात जुनंच बसलंय). तिथं १९६९ पासून सरकारनं माजी सैनिकांची कुटुंबं नेऊन वसवली, पंजाबी बरीच, पण आपली मराठीही. जिथून चेन्नईपेक्षा सुमात्रा जवळ आहे अशा जागी एका आजीनं "कुठला रं तू?" असं विचारल्यावर मला दोन मिनिटं उत्तरच सुचलं नाही. चहा पाजला तिनं. २००४ च्या सुनामीबद्दल विचारायचं मनात होतं, पण तिनं विषय काढला नाही म्हणून मीही काढला नाही.

दिवस मात्र विचित्र असतो. घड्याळ सगळ्या देशाला एकच आणि ही बेटं पार पूर्वेला, त्यामुळं उन्हाळ्यात पहाटे पाचला उजाडलेलं असतं आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचला सूर्य बुडतो. म्हणजे फॉलइन (रांगेत हजेरी), पीटी सगळं लवकर उरकायचं, नऊ वाजता अंगातला शर्ट पिळता येईल अशी अवस्था, आणि संध्याकाळी खेळ संपतोय न संपतोय तोवर अंधार. अंधार पडला की बाह्या खाली, उघड्या अंगाला डास पळवायचं डीएमपी तेल, झोपताना मच्छरदाणी, आणि ती नीट खोचली का हे बघायला गार्ड कमांडर बॅटरी घेऊन फिरणार. मलेरियाची चेष्टा नाही चालत तिथं. संध्याकाळ लांबच लांब वाटते. मी होतो तेव्हा चेन्नईहून समुद्राखालून येणारी केबल नव्हती, ती २०२० मध्ये आली. त्याआधी सगळं सॅटेलाइटवर, व्हिडिओ कॉल म्हणजे बायकोचा चेहरा एका जागी थिजलेला आणि आवाज पाच सेकंदांनी. आता बरंच सुधारलंय म्हणतात.

काम कसलं असतं असं विचाराल तर, डोंगरात फिरलेल्याला पहिले दोन महिने भरती-ओहोटीच कळत नाही. खाडी जाताना गुडघ्याएवढी असते आणि परत येताना डोक्यावर. त्यामुळं गस्तीचा टाइम साहेब ठरवत नाहीत, समुद्र ठरवतो, आणि खारफुटीत मगरी आहेत म्हणून वाट बघायची ती पण पाण्यापासून लांब. जळवा वेगळ्याच. रात्री पहाऱ्याला, म्हणजे सेंट्री ड्युटीला तर आपला कान बाद होतो. लाटा आणि पत्र्यावरचा पाऊस यात माणूस दहा पावलांवर आला तरी ऐकू येत नाही, नजरेवरच भिस्त. आणि लँडिंग क्राफ्ट! सपाट बुडाचं जहाज ते, किनाऱ्याला लागावं म्हणून तसं बांधलेलं, पण समुद्रात सुपात पाखडल्यासारखं हलतं. रॅम्प खाली पडला की कमरेएवढ्या पाण्यात उडी टाकायची आणि रायफल डोक्यावर. मी माण तालुक्यातला, आमच्या विहिरीचा उन्हाळ्यात तळ दिसायचा, पोहायला शिकणार कुठं? तिथं शिकलो, विशी उलटल्यावर, नाकातोंडात खारं पाणी घेत. गंमत म्हणजे बेटावरच्या ब्रिगेडच्या नावात 'माउंटन' आहे, १०८ माउंटन ब्रिगेड, आणि आम्ही तिथं पोहायला शिकत होतो.

सुट्टीचं म्हणाल तर दोन्हीकडं सारखंच रडगाणं. बेटावरून चेन्नईला जहाजानं साधारण तीन दिवस, वादळ असेल तर जहाज सुटत नाही. लडाखला हिवाळ्यात वाटेवरची जोझिला खिंड बंद, मग विमानासाठी ट्रान्झिट कॅम्पात बसून आभाळाकडं बघायचं. यात बरोबरी धरा.

आता बर्फ. त्रास काय असतो हे तुम्ही ऐकलेलं असणारच, थोडक्यात सांगतो. लेहलाच साडेअकरा हजार फूट, तिथून वर जायचं तर टप्प्याटप्प्यानं, आधी सहा दिवस, मग चार, मग आणखी चार, आणि या दिवसांत शहाणपणा करून पळापळ केली की छातीत पाणी भरलंच समजा, चांगला धडधाकट माणूस दोन दिवसांत हेलिकॉप्टरनं खाली जातो किंवा जात नाही. हे मी हलक्यात लिहीत नाहीये, आमच्यातला एक गेलाय. भूक मरते, झोप तुटक लागते, ओठ फुटतात, नाकातून रक्त, बुखारीच्या, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीच्या, केरोसीनची काजळी एवढी की सकाळी थुंकी काळी. आंघोळ कधी केली हे डायरीत लिहून ठेवावं लागतं. जिवाचा सरळ हिशोब मांडला तर बेट बरं, हे मी कुणालाही सांगेन. बायको-पोरांना घेऊन राहायचं असेल तर प्रश्नच नाही, पोर्ट ब्लेअरला क्वार्टर मिळालं तर शाळा आहे, दवाखाना आहे, संध्याकाळी पोरांना घेऊन समुद्रावर जाता येतं. वर पोस्टवर कोण येणार?

एवढं सगळं असून मी साहेबांना काय सांगितलं त्याचं कारण हसण्यासारखं आहे. मोजे.

पोर्ट ब्लेअरला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. एक पावसाळा मे महिन्यात येतो, तो जातोय असं वाटेपर्यंत ऑक्टोबरात उलट दिशेनं दुसरा, डिसेंबर येईपर्यंत सुटका नाही. आमच्याकडं ५०० पडला तर देवाला नारळ फोडतात. लहानपणी पाऊस यावा म्हणून आम्ही पोरं गावभर धोंडी मागत हिंडलेलो, त्या माणसाला मी सांगतो, तिथं तिसऱ्या महिन्यात पावसाचा आवाज ऐकला की पोटात गोळा यायचा. भिजण्याचं काही नाही, सैनिक भिजायचाच. पण वाळतच नाही हो काही! कपडे दोरीवर चार दिवस, पाचव्या दिवशी कुबट वास मारायला लागले की तसेच घालायचे. कमरेचा चामड्याचा पट्टा आठवड्यात हिरवा. पेटीतली कागदपत्रं एकमेकांना चिकटलेली. घरून आलेली कुरडई डबा उघडल्याबरोबर सादळली. उशीसुद्धा रात्री गालाला गार लागायची.

माझ्याकडं मोज्यांचे चार जोड होते आणि चारही कायम ओले. दिवसभर बुटात पाय शिजायचे, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, पांढरी कातडी निघायची, चालताना प्रत्येक पाऊल मिठात ठेवल्यासारखं. एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, जाऊन मलम आणायचं, लावायचं आणि त्यावर परत ओला मोजा, म्हणजे औषध पाण्यातच. नर्सिंग असिस्टंट म्हणायचा पाय कोरडे ठेवा. मी म्हणायचो, कशात ठेवू? रात्री मोजे पोटावर घेऊन झोपायचो, अंगाच्या उबेनं जरा सुकतील म्हणून. त्यानं पोटावर नायटा आला.

आता अख्ख्या लाइनीत एकच जागा कोरडी होती, ती म्हणजे कोत, हत्यारं ठेवायची खोली. हत्यारांना गंज चढू नये म्हणून तिथं दिवसरात्र बल्ब जळत असायचे. रायफलीला रोज चिंदी, तेल, नळी साफ करायची दोरी म्हणजे फुलथ्रू, वर बल्बची ऊब, आणि आमच्या पायांना काही नाही. कोत सांभाळणारा एनसीओ सांगलीकडचा होता, त्याला गूळ घालून पटवला आणि रॅकच्या मागं एक जोड लटकवला. सकाळी घातला तेव्हा, खरं सांगतो, कोरडा मोजा ही काय चीज आहे ते मला त्या दिवशी कळलं. आठवडाभर चाललं. मग अचानक इन्स्पेक्शन लागलं, साहेबांनी नाकावर रुमाल धरून विचारलं हा वास कसला, आणि सांगलीकर आणि मी दोघं पाठीवर भरलेला पिठ्ठू लावून ग्राउंडला चक्कर मारताना अख्ख्या कंपनीनं बघितलं. पाऊस चालू होता, अर्थातच.

लडाखला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मोजे धुतले आणि बाहेर टाकले, तासाभरात पापडासारखे कडक झाले. म्हटलं गेले कामातून. पण तिथली हवा एवढी कोरडी आहे, लेहला वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर, की गोठलेलं पाणी तसंच उडून जातं, दुसऱ्या दिवशी झटकले तर कोरडे. घाई असेल तर बुखारीच्या पाइपजवळ धरायचे, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं (एक जोड जाळला मी, ते सोडा). थंडी वाजली तर वरून एक थर चढवता येतो, आणखी वाजली तर आणखी एक. ओलीवर काय चढवणार? हत्यारसुद्धा तिकडं कमी छळतं, तेल कमी लावायचं आणि बाहेरची गार रायफल एकदम गरम बंकरमध्ये आणायची नाही, नाहीतर तिला घाम फुटतो, एवढं सांभाळलं की झालं.

तर मी बर्फ सांगितला. साहेबांना वाटलं मला भत्ता पाहिजे. मोज्यांचं काय सांगणार त्यांना!

पण हे माझ्यापुरतं, हेही सांगायला पाहिजे. माझ्या सेक्शनमध्ये देवगडचा एक जण होता, त्याला यातलं काहीच टोचायचं नाही. ओले कपडे, बुरशी, सादळलेली बिस्किटं, तो म्हणायचा आमच्याकडं आषाढात असंच असतं, तुम्ही घाटावरचे नाजूक. रविवारी गळ टाकून बसायचा, नारळाच्या झाडावर सरसर चढायचा, आणि लडाखला मात्र पहिल्या महिन्यात रडकुंडीला आला, नाक फुटलं, जेवण जाईना, समुद्र नाही म्हणून झोप येईना. चॉईस आली तेव्हा त्यानं डोळे झाकून बेट लिहिलं आणि बायको-पोरांसकट तीन वर्षं मजेत काढली. त्यामुळं तुम्ही कोकणातले असाल, किंवा घरचे सोबत येणार असतील, किंवा दम्याचा, छातीचा काही त्रास घरात असेल तर माझं ऐकू नका, बेट टाका. बाकी कोरड्या मुलखातल्या, एकट्यानं जाणाऱ्या पोरानं मला विचारलं तर मी आपला हळूच वर बोट दाखवतो.

आणि बेटच लागलं नशिबी, तर सुती मोजे नेऊ नका, पाणी धरून ठेवतात. पातळ नायलॉनचे न्या, सहा तरी जोड. बुटातला आतला तळवा रोज रात्री काढून उभा करून ठेवायचा. पट्ट्याला आठवड्यातून एकदा खोबरेल. आणि कोत एनसीओशी दोस्ती ठेवा, पण मोजे आधी साबणानं दोनदा धुवा, आम्ही वासानं पकडलो गेलो.