हिमस्खलन रेस्क्यू सेट : बीकन पहिल्या वर्गात, फावडं काठावर पास

एकाच खोक्यात मिळणाऱ्या या सेटमध्ये ठरलेल्या तीन वस्तू असतात : तीन अँटेनांचा डिजिटल बीकन (अंगावर बांधायचं, सिग्नल पाठवणारं आणि गाडलेल्याचा सिग्नल शोधणारं यंत्र), 240 सेंमीचा अॅल्युमिनियमचा प्रोब (बर्फात खुपसून गाडलेला माणूस चाचपायची घडीची काठी) आणि घडीचं फावडं. घेणारा बीकनचा स्क्रीन बघून घेतो. शोधकार्यात वेळ सर्वात जास्त खातं ते फावडं, आणि सेटमध्ये काटकसर केलेली असते तीही नेमकी तिथेच.

बीकन उत्तम आहे. सगळे बीकन 457 किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे गटात वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी अडत नाही. स्क्रीनवरचा बाण मात्र सरळ रेषेत नेत नाही, चुंबकीय क्षेत्राच्या वक्र रेषेवरून नेतो. बाणाशेजारचा आकडा म्हणजे साधारण मीटरमधलं अंतर; तो वाढत गेला तर तुम्ही उलट चालला आहात. जागीच अर्धं वर्तुळ वळा. आकडा 10 च्या खाली आला की चाल मंद करायची. 3 च्या खाली यंत्र बर्फालगत धरून, न फिरवता, आधी पुढे-मागे आणि मग डावी-उजवीकडे सरकवायचं. नवखे इथेच मनगट वळवतात. आकडे उड्या मारू लागतात आणि हातची मिनिटं जातात. 15 मिनिटांच्या आत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासानंतर फार थोडे. त्यामुळे ही मिनिटं परवडणारी नसतात.

एकाहून जास्त जण गाडले गेले असतील तर सापडलेल्याचा सिग्नल बाजूला ठेवणारं ‘मार्क’ बटण कामाचं आहे. दोघे अगदी जवळजवळ असले की मात्र यंत्र गोंधळतं, म्हणून बटणावर विसंबून हाताने शोधायचा सराव सोडू नये.

मोबाइल, कॅमेरा आणि बॅटरीवर गरम होणारे हातमोजे यांपासून बीकन सेंडमध्ये (सिग्नल पाठवताना) 20 सेंमी आणि सर्चमध्ये (शोधताना) 50 सेंमी दूर हवा. वादळात हातमोजे काढवत नाहीत, म्हणून विकत घेतानाच जाड मोजे घालून सेंड-सर्चचा खटका फिरवून बघा. सेल अल्कलाइनच घाला. निर्मात्याने परवानगी दिली नसेल तर रिचार्जेबल किंवा लिथियम नकोत, कारण त्यांचा व्होल्टेज वेगळ्या रीतीने उतरतो आणि स्क्रीनवरची टक्केवारी फसवी ठरते.

प्रोब ठीकठाक. लांबी पुरेशी आहे, पण 300 सेंमीचा मिळत असेल तर तो घ्या. ताण देणारी दोरी ओढून कुलूप बसतं की नाही ते गारठलेल्या हाताने तपासा; सांध्यात बर्फ शिरला की ते अडतं. प्रोब उताराच्या पृष्ठभागाला काटकोनात खुपसायचा, सर्वात कमी आकड्याच्या जागेपासून 25 सेंमी अंतर ठेवत चकलीसारखा बाहेर. लागला की उपसायचा नाही, तिथेच ठेवायचा.

आता फावडं. थांबलेल्या हिमस्खलनाचा बर्फ भुसभुशीत नसतो, काँक्रीटसारखा घट्ट बसतो, आणि मीटरभर खोल गाडलेल्या माणसासाठीही टनभर तरी हलवावा लागतो. सेटमधल्या फावड्याचा दांडा आखूड, पातं लहान आणि मूठ अरुंद. दोन मिनिटांत कंबर बोलू लागते. लांबणारा दांडा, धातूचं पातं आणि हातमोज्यात मावणारी डी-मूठ असलेलं वेगळं घ्या. प्लॅस्टिकचं पातं तर नकोच. खोदायला प्रोबच्या वर नाही, खोलीच्या सुमारे दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूने सुरुवात करायची, बर्फ मागे ढकलायचा आणि पुढच्याला वरचेवर बदलायचं.

या तिन्हींपैकी काहीही हिमस्खलन थांबवत नाही, आणि खडकावर किंवा झाडावर आपटलेल्याला बीकनचा उपयोग शून्य. वादळात आणि त्यानंतरच्या दिवशी वाऱ्याने साठवलेली बर्फाची लादी 30 ते 45 अंशांच्या उतारांवर टांगलेली असते. धप्प असा आवाज आला किंवा पायाखालून भेगा पळाल्या, तर सेट पाठीवर असला तरी माघारी फिरा.

हंगाम संपला की सेल काढून ठेवा. गळलेल्या सेलमुळे संपर्कपट्ट्या गंजतात, आणि ते कळतं पुढच्या पहिल्याच सकाळच्या गटतपासणीत.