सहा फुटांपुढच्या सायकलस्वाराला कोणता टेंट पुरतो?

टेंटच्या माहितीत ‘लांबी २१३ सेंमी’ असं छापलेलं असतं. घेणाऱ्याची उंची १९० सेंमी, म्हणजे सव्वासहा फूट. वाटतं, चांगले २३ सेंमी शिल्लक राहतील. पण पहिल्याच रात्री स्लीपिंग बॅग पायाशी, श्वासाच्या वाफेने ओल्या झालेल्या भिंतीला लागून भिजते. कंपनीचा आकडा खोटा नसतो. तो तळाचा असतो, आणि माणूस तळावर नाही, मॅटवर झोपतो.

हिशेब करून बघा. मॅटची जाडी ८ सेंमी. उताणं झोपल्यावर पावलांची टोकं टाचेपासून पंचवीसेक सेंमी वर येतात, त्यावर बॅगेचा फुगवटा. म्हणजे जमिनीपासून साधारण ४० सेंमी. तिथली भिंत ६० अंशांत कललेली असेल, तर त्या उंचीवर ती २३ सेंमी आत आलेली असते. डोक्याकडे उशीसकट कपाळ ३० सेंमीवर धरलं, तर तिथे १७ जातात. २१३ मधून ४० गेले, उरले १७३. भिंती ७५ अंशांच्या असतील तर दोन्हीकडचे मिळून १९च जातात आणि १९४ उरतात. छापील लांबी तीच, पण झोपायच्या जागेत २१ सेंमीचा फरक. १९० उंचीच्या माणसाला सैल पडलेली पावलं आणि बॅगेचं टोक धरून या उंचीवर २०० सेंमी तरी हवेत. म्हणून दुकानात टेंट उभा करून घ्या आणि टेप जमिनीला न लावता ३० ते ४० सेंमी उंचीवर, भिंतीपासून भिंतीपर्यंत धरा. त्याहून खात्रीचं म्हणजे आपली मॅट फुगवून, बॅगेत शिरून पाच मिनिटं पडून बघणं. ऑनलाइन घेणार असाल तर विक्रेत्याकडून टेप लावलेला फोटो मागवा. फोटो मिळत नसेल तर तो टेंट सोडून द्या.

आपल्याकडे सहज मिळणारे दोन टेंट आधी घेऊ. नेचरहाइकचा क्लाउड अप २ हलका आहे. २०डी (हे धाग्याच्या जाडीचं माप) कापडाचा प्रकार दीड ते पावणेदोन किलोत येतो आणि किमतीच्या मानाने शिवण चांगली असते. तळ २१० × १२५. अडचण पोलमध्ये आहे. पोल इंग्रजी वाय अक्षरासारखा, दोन पाय डोक्याकडे आणि एकच पायथ्याशी. त्यामुळे छत पायथ्याकडे घसरगुंडीसारखं उतरत जातं आणि पायाशी इनर, म्हणजे आतला कप्पा, जवळजवळ बॅगेवर येऊन बसतो. पायथ्याचे दोन्ही कोपरे पेगने, म्हणजे जमिनीत ठोकायच्या खुंट्यांनी, ताणल्याशिवाय ती बाजू उभीच राहत नाही. पाच फूट दहापर्यंत ठीक, त्यापुढे घेऊ नये. डेकॅथलॉनचा दोघांचा एमएच१०० तळाला २१० × १३० आणि मधोमध १०७ सेंमी उंच आहे. बसायला छान, मजबूत, पण घुमटाचा आकार असल्याने चारही बाजू आत कलतात आणि वजन अडीच किलोच्या आसपास जातं. कॅरियर लावलेल्या सायकलवर तो चालेल. हँडलबारवर बांधायची ही वस्तू नाही.

एमएसआरचा हब्बा हब्बा बाइकपॅक २ (बाइकपॅक म्हणजे सायकलवर बांधण्यासाठी आखूड पोलचा प्रकार) आयताकृती आहे, २१३ × १२७. डोकं कुठल्याही बाजूला करून झोपता येतं आणि टोकाच्या भिंती बऱ्यापैकी उभ्या आहेत. तरीही लांबी मुळातच कमी, त्यामुळे ६ फूट १ इंचापर्यंत आमची पसंती, पुढे नाही.

१९० च्या माणसाने सगळ्यात आधी बघावा तो बिग अ‍ॅग्नेसचा कॉपर स्पर एचव्ही यूएल२ बाइकपॅक. तळ २२४ सेंमी, डोक्याशी १३२ आणि पायाशी १०७ रुंद, उंची १०२. पोलची रचना भिंतींना बाहेर ओढून धरते, त्यामुळे २२४ मधली बरीचशी लांबी खरोखर वापरता येते. नेमोचा ड्रॅगनफ्लाय दोघांचा टेंटही २२४चाच आहे, रुंदी १२७ आणि ११४. पायाशी तो थोडा मोकळा, एवढाच फरक. दोन्ही टेंट ‘दोघांचे’ म्हणून विकले जातात. उंच माणसाने ते एकट्याचे समजावेत. थर्मारेस्टची लार्ज मॅट १९६ × ६४ असते. दोन शेजारी ठेवल्या तर १२८ सेंमी रुंदी लागते आणि कॉपर स्परच्या पायथ्याला आहे १०७. तिघांचा मोठा टेंट घ्यावा असंही वाटेल, पण कॉपर स्परच्याच तिघांच्या प्रकाराची, यूएल३ची, लांबी २२९ आहे. वाढली ती रुंदी. लांबीत मिळाले पाच सेंमी आणि त्यासाठी वजन वाहायचं कायमचं.

हिलबर्गचा अक्टो वेगळ्या घडणीचा. एकच कमान, पण दोन्ही टोकांना छोटे उभे दांडे शिवलेले, त्यामुळे पायाशी आणि डोक्याशी भिंत उतरती न राहता काही उंचीपर्यंत सरळ चढते. आतला तळ २२० सेंमी असूनही झोपताना तो जास्त लांब वाटतो, त्याचं कारण हे. आतली उंची मात्र ९०. बसल्यावर माणसाची उंची एकूण उंचीच्या साधारण ५२ टक्के असते, म्हणजे १९० च्या माणसाची ९९. अक्टोमध्ये तो मान वाकवूनच बसणार. पावसात दिवसभर अडकायची शक्यता असेल तर हे मनावर घ्या. कॉपर स्परमध्येही १०२ ही उंची एकाच बिंदूला आहे, तेव्हा कपडे बदलताना मॅट बाजूला सारून त्या बिंदूखाली बसायचं.

उंचांसाठी डर्स्टनच्या एक्स-मिड मालिकेचं आणि सिक्स मून डिझाइन्सच्या लूनर सोलोचं नाव हमखास निघतं, आणि जागेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. लूनर सोलोचा तळ २२९ सेंमी लांब, वजन पाऊण किलोच्या आत-बाहेर. पण हे टेंट ट्रेकिंगच्या काठ्यांवर उभे राहतात आणि सायकलस्वाराकडे काठ्या नसतात. एक्स-मिडला दोन, लूनर सोलोला एक घडीचा पोल वेगळा घ्यावा लागतो, उंची साधारण १२० सेंमी. त्याचं वजन आणि किंमत धरूनच तुलना करा. शिवाय लूनर सोलो एकाच कापडाचा आहे. कोकण किनाऱ्यावरच्या दमट रात्री त्याच्या आतून पाणी निथळतं आणि लांब माणसाचं अंग त्याला हमखास लागतं. एक्स-मिडला आतलं जाळीचं कापड वेगळं असल्याने हा त्रास कमी.

पोलच्या लांबीबद्दल उंच सायकलस्वारांना एक फायदा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. बाइकपॅक प्रकारात पोलचे तुकडे आखूड केलेले असतात, कॉपर स्परमध्ये ३०.५ सेंमी, कारण ड्रॉप बारच्या (खाली वळलेल्या हँडलच्या) मधल्या जागेत ४५ ते ५० सेंमीची पोलची गुंडाळी आडवी बसत नाही. पण उंच माणसाच्या सायकलची फ्रेम ५८ ते ६१ सेंमीची असते. वरच्या दांडीखाली पोलची गुंडाळी फ्रेम बॅगेत सरळ झोपते. मग त्याच टेंटचा साधा प्रकार घेऊन पैसे वाचवता येतात. आखूड तुकडे म्हणजे जोड जास्त, आणि पोल मोडतो तो बहुतेक वेळा जोडाशी. पोलभोवती जुना टी-शर्ट मात्र घट्ट गुंडाळा. खडबडीत रस्त्यावर ते बॅगेचं अस्तर आतून खातात. मोडलेल्या पोलवर चढवायची दुरुस्तीची नळी सोबत हवीच. कापड हँडलबारवर न्या, पण ओला आउटर (बाहेरचं पावसाचं कापड) आणि कोरडा इनर एकाच पिशवीत कोंबू नका.

‘तिरकं झोपलं की लांबी मिळते’ हा सल्ला सर्रास दिला जातो. १९६ × ६४ ची मॅट २१३ × १२७ च्या तळावर २० अंश फिरवली की तिचे कोपरे बाजूच्या भिंतींना जाऊन टेकतात, आणि त्या बदल्यात शरीराला लांबी मिळते जेमतेम चार-पाच सेंमी. तीही कोपऱ्यात, जिथे छत सगळ्यात खाली असतं. या सल्ल्याच्या भरवशावर आखूड टेंट घेऊ नका.

जागा कुठली, यावरही निवड बदलते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर जांभ्याच्या कातळात पेग शिरतच नाही. तिथे स्वतः उभा राहणारा टेंट सोयीचा, अक्टो किंवा एक्स-मिडला दगड लागणार. दोरीचा फास छोट्या दगडाला घाला आणि त्याच्या पुढे, टेंटच्या बाजूला, दोरीवर मोठा दगड ठेवा. ओढ बसली की छोटा दगड मोठ्याला अडतो आणि दोरी कापली जात नाही. जांभा तळाचं पातळ कापडही कापतो, तेव्हा ग्राउंडशीट घरी ठेवू नका. मनाली-लेहच्या वाटेवर सरचूसारख्या ४,२०० मीटरच्या पुढच्या मुक्कामी श्वासाची वाफ आउटरच्या आत गोठते आणि पाय हलला की बॅगेवर झडते. पिसांची बॅग पायाशी एकदा भिजली की तिची ऊब जाते, आणि त्या थंडीत ती सुकवायला ऊन मिळेलच असं नाही.

आखूड टेंट आधीच घेतला असेल तर तो लगेच विकायची गरज नाही. पायथ्याच्या भिंतीवर मधोमध दोरीची कडी असते. तिला दोरी बांधून पेगने बाहेर ताणा, भिंत पाच-सात सेंमी मागे हटते. कडी नसेल तर आउटरच्या आतून छोटा गोल गुळगुळीत खडा लावून बाहेरून दोरीने आवळा, कापडाला भोक न पाडता कडी तयार होते. बॅगेच्या टोकावर रेनकोट चढवा, पण त्याची चेन उघडी ठेवा. बंद केली तर आतला ओलावा बाहेर पडत नाही आणि सकाळी बॅग पुन्हा तितकीच ओली निघते.