पाहुणी मेडिकलची विद्यार्थिनी: घरी, कोसमध्ये की गेस्टहाउसला?

मे महिना लागला की इंडोनेशियातल्या आम्हा मराठी बायकांच्या ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला. "कॉलेजच्या विद्यार्थी समितीची मुलं आली होती. परदेशातून मेडिकलची मुलगी येतेय चार आठवड्यांसाठी. घरी ठेवाल का, म्हणतात. काय सांगू?" यंदा सुराबायाच्या एका मैत्रिणीने विचारलं. तिला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढते. मी योग्यकार्तात राहते. आत्तापर्यंत एक पाहुणी पूर्ण महिना घरी ठेवली, एक कोसमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोलीत, ठेवून सांभाळली आणि एकाला गेस्टहाउसवर डबा पोचवला. तेव्हा तुलना अनुभवाची आहे, आणि माझं मत तिच्यात मिसळणारच.

आधी ही मुलं येतात कुठून ते. वैद्यकीय विद्यार्थ्यांची आयएफएमएसए ही जागतिक संघटना १९५१ पासून अशी देवाणघेवाण चालवते. इंडोनेशियात तिचं काम सिम्सा पाहते, भारतात एमएसएआय. इथला एक तिकडे, तिकडचा एक इथे, असा बहुतेक साटंलोटं व्यवहार. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी जास्त. राहायची सोय आणि दिवसाला किमान एक जेवण हे यजमान समितीच्या गळ्यात असतं, म्हणून ती मुलं दारोदार फिरतात. आपल्या हातात यातून पैसा पडत नाही, हे आधीच धरून चालायचं.

मैत्रिणीचा पहिला प्रश्न होता, "खोली केवढी लागेल?" खोलीचं सोडा. दोनच गोष्टी विचारायच्या: पहाटे सहाला तिला हॉस्पिटलात कोण पोचवणार, आणि रात्री दोनला ताप भरला तर ती कोणाचं दार वाजवणार? निम्मा निर्णय तिथेच होतो.

घरी ठेवलं तर

आमचं घर जालान कालिउरांग या रस्त्यावर, बाराव्या किलोमीटरला. इथे पत्ते असेच, मेरापी ज्वालामुखीच्या दिशेने किलोमीटर मोजत सांगायचे. सार्जितो हॉस्पिटल तिथून सात-आठ किलोमीटर. ऐकायला काहीच नाही. पण इथले कोआस, म्हणजे आपल्याकडच्या फायनल इयर-इंटर्नच्या मधली जमात, सातच्या मॉर्निंग रिपोर्टआधी आपापले पेशंट बघून मोकळे होतात. पाहुण्यांनीही तेव्हा हजर असावं अशी अपेक्षा. आमची पहिली पाहुणी पोलंडची. पांढरा कोट (इथे त्याला स्नेली म्हणतात) पिशवीत कोंबून, ओजेकच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलच्या, मागे बसून ती रोज पावणेसहाला निघायची. जुलैत इथे पाऊस नसतो, पण पहाटे गारठा असतो, जावानीज लोक त्याला बेदिदिंग म्हणतात. विषुववृत्ताच्या देशात आलोय म्हणून स्वेटर न आणलेली ती मुलगी महिनाभर माझी शाल पांघरून फिरली.

दुसऱ्याच दिवशी बाथरूममधून पाण्याचा मोठा आवाज आला. आमच्याकडे भाड्याच्या घरात जुन्या पद्धतीचा बाक आहे, म्हणजे फरशी लावलेला हौद. त्यातलं पाणी गायुंगने, आपल्या मगासारख्या भांड्याने, अंगावर घ्यायचं. ती सरळ हौदात उतरली होती. चूक माझी. कोल्हापूरच्या माणसाला जे सांगावं लागत नाही ते क्राकोच्या माणसाला सांगावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हौद रिकामा करून घासला. खरं तर तो दर आठवड्याला घासायचाच असतो, आपल्याकडे डेंग्यूसाठी 'कोरडा दिवस' पाळतात तसा. त्या निमित्ताने तिला गल्लीतल्या डासांच्या डब्याची गोष्ट सांगितली. वोल्बाकिया हा जिवाणू असलेले डास सोडण्याचा प्रयोग याच शहरात झाला. ज्या भागांत ते डास सोडले तिथे डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी आढळला, असे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. हा प्रयोग तिला अभ्यासात होता. ज्या शहरात तो झाला तिथे आपण हौदात डुंबलो, याची तिला कोण मौज वाटली!

घराची बाजू मात्र खरी जिंकते ती भाषेत आणि रीतीभातीत. हॉस्पिटलात डॉक्टर पाहुण्यांशी इंग्रजीत बोलतात, पेशंट बोलतो इंडोनेशियन, म्हातारा असेल तर जावानीज. राउंडला पाहुणा मागे उभा राहून मान डोलावतो आणि दोन वाजता घरी येतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या म्बाकना एके दिवशी कसंतरी होत होतं. त्यांना 'मासुक आंगिन' झालं होतं. शब्दशः, अंगात वारं शिरलं. आपल्या आजीला हे निदान लगेच पटलं असतं. त्यावरचा घरगुती उपाय केरोकान: पाठीवर तेल चोळायचं आणि नाण्याच्या कडेने फासळ्यांच्या रेषेत खरवडत जायचं. मिनिटभरात पाठभर लालभडक पट्टे. मुलगी बघत बसली, मग तिने स्वतःच्या खांद्यावर एक पट्टा ओढून घेतला. पुढच्या आठवड्यात मेडिसिनच्या वॉर्डात एका बाईच्या पाठीवर तसेच पट्टे दिसले. तिच्याबरोबरचा दुसरा पाहुणा विद्यार्थी घाबरून कुजबुजला, हिला घरी मारहाण होतेय का? आमच्या पाहुणीने त्याला कोपऱ्यात घेऊन नाण्याची गोष्ट सांगितली. हे शिक्षण गेस्टहाउसच्या खोलीत होत नाही.

आता घराची दुखणी. आमच्या वस्तीच्या तोंडाशी 'तामू १ x २४ जाम वाजिब लापोर' अशी पाटी आहे. पाहुणा आला की चोवीस तासांत कळवा. म्हणजे पाक एरते, आपल्या गल्लीचे प्रमुख, यांच्याकडे पासपोर्टची झेरॉक्स घेऊन जायचं, चहा प्यायचा, कोण-कुठली सांगायचं. त्रास काही नाही, पण टाळायचं नाही. इमिग्रेशनचे लोक परदेशी पाहुण्याची माहिती मागू शकतात आणि मागितली तर ती यजमानाने द्यायची असते. शिवाय रात्री दहाला वस्तीचं पोर्ताल, म्हणजे रस्त्यावरची आडवी दांडी, पडतं. एका रात्री ड्युटी संपवून ती पावणेबाराला आली. फोनची बॅटरी संपलेली, पोर्ताल बंद, ओजेकवाला तिला तिथेच सोडून गेलेला. रोंदाच्या गस्तीवरचे दोन आजोबा काठी आपटत तिला दारापर्यंत घेऊन आले आणि माझ्याकडे असं बघितलं की दुसऱ्या दिवशी मी त्यांना केळ्याची भजी नेऊन दिली.

आणि एक. क्षयरोगाच्या रुग्णसंख्येत जगात भारत पहिला, इंडोनेशिया दुसरा. मुलगी दिवसभर वॉर्डात असणार. घरात तान्हं मूल किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर संकोच न करता नाही म्हणा. समितीला वाईट वाटेल ते दोन दिवस.

कोसमध्ये ठेवलं तर

कोस म्हणजे विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देणारं घर. मुलींचं 'कोस पुत्री', मुलांचं 'कोस पुत्रा'. शब्द बघून आपल्याला घरच्यासारखं वाटतं, नियम वाचले की पुण्यातल्या पेठेतल्या मालकीणबाई आठवतात. इबू कोस, म्हणजे मालकीण, सहसा तिथेच राहते. पुरुष पाहुणे अंगणापुढे नाहीत, रात्री दहाला गेट बंद.

सार्जितोच्या मागे सेंदोवो आणि वर पोगुंग, हे दोन्ही भाग कोसनी भरलेत. साध्या खोलीला महिन्याला सात-आठ लाख रुपिया, एसी आणि स्वतंत्र बाथरूम हवं तर वीस लाखांच्या घरात. लाख ऐकून दचकू नका, दहा लाख रुपिया म्हणजे आपले पाच-साडेपाच हजार रुपये. अडचण पैशाची नसून मुदतीची. पुष्कळ इबू कोस तीन किंवा सहा महिन्यांखाली बोलतच नाहीत. त्यात ऑगस्टमध्ये विद्यापीठाचं नवं वर्ष, म्हणजे पाहुणे येतात त्याच सुमारास नव्या मुलांची खोल्यांसाठी धावपळ. जूनच्या पहिल्या आठवड्यात खोली धरा, महिन्याचं भाडं आगाऊ द्या.

कोसमध्ये ठेवली ती नागपूरची. भाषेचा तिला निम्मा प्रवास फुकट मिळाला. हिस्टरी घेताना 'सुआमी' म्हणजे नवरा आणि 'इस्त्री' म्हणजे बायको हे ऐकून ती पेशंटसमोरच हसली आणि मग माफी मागत बसली. 'साकित केपाला' म्हणजे डोकेदुखी, यातला केपाला आपल्या कपाळाचा भाऊबंद. चालत आठ मिनिटांत वॉर्डात. शेजारच्या खोलीत दोन कोआस, त्यांच्यामुळे हिला ड्युटीवर टाके घालताना जवळून बघायला मिळालं. पोलंडच्या मुलीला हे मिळालं नव्हतं, तिला पोर्तालच्या आत परतायचं असायचं. वैद्यक किती शिकलं एवढंच मोजायचं तर कोस घराच्या पुढे जातो. हे मला कबूल करायला आवडत नाही, पण आहे तसं आहे.

खाण्याचे मात्र तिचे हाल झाले. ती शाकाहारी. वारुंगमध्ये, म्हणजे छोट्या खाणावळीत, 'मांस नको' म्हटलं की मांस काढतात; साम्बालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, तेरासी, म्हणजे कोलंबीची आंबवलेली पेस्ट, पुष्कळदा असते, आणि ती त्यांच्या लेखी मांस नसते. क्रुपुक पापडासारखा दिसतो, त्यातही बहुधा कोलंबी. योग्यकार्ताची शान म्हणजे गुडेग, कच्च्या फणसाची गोडसर भाजी. फणस म्हणून खुशीत मागवाल, तर ताटात शेजारी क्रेचेक येतं. ते जनावराच्या कातड्याचं. तिने पहिला घास घेतल्यावर मला फोटो पाठवला, मी उत्तर लिहीपर्यंत दुसरा घेऊन झाला होता. मग आम्ही तिला एक वाक्य पाठ करून दिलं: "तानपा दागिंग, तानपा इकान, तानपा तेरासी." मांस, मासे, तेरासी काहीही नको. तेंपेवर, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीवर, मात्र ती फिदा झाली, तव्यावर खरपूस भाजून वर लिंबू-मीठ. शाकाहारी पाहुण्याला कोस बघताना सामायिक स्वयंपाकघर आहे का, हे भाड्याच्याही आधी विचारा. प्यायला नळाचं पाणी चालत नाही, १९ लिटरचा गालोन आणावा लागतो; तो खोलीपर्यंत कोण चढवणार तेही विचारून ठेवा.

गेस्टहाउस

फार लिहिण्यासारखं नाही. चादरी धुतलेल्या, नाश्ता तयार, कागदपत्रं कार्यालय बघतं, पाक एरतेंकडे जायला नको. आठवड्याभराच्या प्राध्यापकाला उत्तम. बावीस वर्षांच्या मुलाला चार आठवडे? मी डबा द्यायचे तो मुलगा तिसऱ्या आठवड्यात मला जेवणाबद्दल विचारायचा कमी आणि "पाच मिनिटं बसाल का" असं जास्त म्हणायचा. दोन-तीन पाहुणे एकाच वेळी येणार असतील तर मात्र हा पर्याय वाईट नाही, एकमेकांना सोबत होते.

व्हिसाचं एकच सांगते

भारतीयांना इथे विमानतळावर तीस दिवसांचा व्हिसा मिळतो आणि तो एकदा वाढवता येतो, म्हणून मुलं तोच गृहीत धरतात. तो फिरायला येणाऱ्यांचा. हॉस्पिटलात वॉर्डात उभं राहायचं तर कोणता व्हिसा लागतो हे विद्यापीठाकडून लेखी घ्यायला लावा. आणि कोणी प्रेमाने म्हटलं, "काकू, तुम्हीच पेन्जामिन व्हा ना," तर गोड हसून नाही म्हणा. पेन्जामिन म्हणजे जामीन. ती जबाबदारी संस्थेची. घरी वरण-भात वाढणाऱ्या बाईने ती अंगावर घेऊ नये.

मग मी काय करते

मी आता दोन्ही करते. पहिल्या तीन रात्री घरी. त्यात सिमकार्ड, ओजेकचं ॲप, गायुंग, पाणी, तेरासीचं वाक्य आणि केरोकानची गोष्ट उरकते. चौथ्या दिवशी सेंदोवोतल्या कोसमध्ये, आणि रविवारी दुपारी जेवायला परत. घर हॉस्पिटलपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत असेल तर ही उठाठेव नको, सरळ घरीच ठेवा. रमजान असेल तरी घरी ठेवा, कारण दिवसा बरेच वारुंग बंद असतात. लेबारानच्या, म्हणजे रमजान ईदच्या, आगेमागे तर समितीलाच तारखा बदलायला सांगा, अर्धं शहर गावी गेलेलं असतं. पुस्केस्मास, म्हणजे आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र, गावात असेल आणि पोस्टिंग तिथलं असेल तर त्याच गावातलं घर शोधा, शहरातून ये-जा नको. आणि घरी एकच बाथरूम व बोर्डाच्या वर्षातलं पोर असेल तर यातलं काहीही करू नका.

कोसमध्ये ठेवलं म्हणजे सुटलो, असं मात्र नाही. नागपूरच्या मुलीचा दुसऱ्याच आठवड्यात रात्री अडीचला फोन आला. "मावशी, भिंतीवरचं काहीतरी ओरडतंय, लाल दिवा लागलाय." इथे वीज प्रीपेड. पैसे संपत आले की मीटर बोंबलतो, तोकेन विकत घेऊन वीस आकडे दाबल्याशिवाय गप्प बसत नाही. मी फोनवर तोकेन घेतलं आणि एकेक आकडा सांगत गेले. सतराव्याला तिने विचारलं, "मराठीत सांगताय की इंडोनेशियनमध्ये?" पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा सुराबायाच्या बाईंना माझं उत्तर: खोली हॉस्पिटलजवळच्या कोसमध्ये धरा, पहिल्या तीन रात्रींचं अंथरूण तुमच्या घरी घाला, आणि विमान किती वाजता उतरतंय ते आधी विचारा. आमचा नवा विमानतळ कुलोन प्रोगोला, शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर. रेल्वेने तुगू स्टेशन चाळीस मिनिटांत गाठता येतं, पण शेवटची गाडी चुकली तर टॅक्सी, आणि टॅक्सी येईपर्यंत पोर्ताल पडलेलं. तुमच्या वस्तीचं किती वाजता पडतं, तेवढं आजच बघून ठेवा.