बिलात 'पत्राकाम', आत फायबर : जुनी पद्मिनी गॅरेजात टाकण्याआधी

बिलावर लिहिलं होतं, 'तळ व दोन्ही बाजूंचं पत्राकाम, डेंटिंग-पेंटिंगसह'. नागपुरातल्या एका गॅरेजमधून ही प्रीमिअर पद्मिनी मे महिन्यात चकाचक होऊन बाहेर पडली. ऑगस्टमध्ये दारांखालच्या रंगाला फोड आले. टायर बदलायला जॅक लावला, तर जॅक आत घुसला आणि गाडी जागची हलली नाही.

खरवडल्यावर वर रंग, त्याखाली दहा-बारा मिमी पुट्टी, मग रेझिनमध्ये भिजवलेली फायबरची मॅट आणि शेवटी चाळण झालेला मूळ पत्रा निघाला. तळाच्या भोकांवर पत्र्याचे तुकडे पॉप रिव्हेटनं ठोकून वरून काळं अंडरकोटिंग फासलेलं. वेल्डिंगचा एक टाकाही नव्हता. पाणी निचरायची भोकंसुद्धा बुजवलेली, म्हणजे आत शिरलेलं पाणी आतच.

पद्मिनीला वेगळी चॅसी, म्हणजे बॉडीखालचा स्वतंत्र सांगाडा, नसते. दारांखालच्या पोकळ पेट्या आणि तळ हेच सगळं वजन पेलतात, त्यामुळे ही फसवणूक थेट जिवाशी खेळ आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पुट्टी कडक वाळते आणि काम सुरेख दिसतं. पण पुट्टी ओल शोषते आणि मागे गंज जिवंत असला की पहिल्याच पावसात रंग उचलतो. उन्हाळ्यात ताब्यात घेतलेल्या गाडीचे सगळे पैसे पावसाळ्याआधी चुकते करू नका.

खरं काम वेळखाऊ असतं. कापाकापीआधी दारांच्या चौकटीत आडवा पाइप टाकून आधार द्यावा लागतो, नाहीतर बॉडी वाकते आणि दारं पुन्हा कधी नीट बसत नाहीत. एका वेळी एकच बाजू कापायची. गंज दिसतो तिथे न थांबता निरोगी पत्रा लागेपर्यंत, साधारण इंचभर पुढे जायचं. पेट्यांना 18 गेज, तळाला 20 गेज सीआरसी (कोल्ड रोल्ड, बिनजस्ताचा) पत्रा; गेज म्हणजे जाडीचं माप, आकडा मोठा तितका पत्रा पातळ. इतवारीच्या लोहा ओळीत पत्र्याची दुकानं आहेत. स्वतः नेऊन दिला तर गेजवरून वाद होत नाही. जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मात्र नको, वेल्डिंग करताना त्यातल्या जस्ताचा धूर विषारी असतो आणि सांधाही सच्छिद्र होतो.

वेल्डिंग सीओटू मशीननं (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तार वितळवणारं), 0.8 मिमी तारेनं. आधी इंच-सव्वा इंचावर टाके, तेही आलटून-पालटून, मधे थंड होऊ देत. सलग ओढलं की पत्रा लाटांसारखा होतो आणि त्या लाटा लपवायला परत पुट्टी येते. पितळी गॅस वेल्डिंगला आम्ही ठाम नाही म्हणतो: उष्णता जास्त लागते आणि उरलेला फ्लक्स नीट धुतला नाही तर तिथूनच गंज सुरू होतो. घासून झाल्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, शेवटी पेट्यांच्या पोकळीत मेण. पुट्टी फक्त दोन-तीन मिमीपर्यंत चालते. रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) वरवरच्या गंजाला ठीक आहे, भोकाला त्याचा काही उपयोग नाही.

गाडी ताब्यात घेताना पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराखालून, चाकांच्या कमानीवरून, डिक्कीच्या कडेवरून फिरवा. जिथे ते सुटतं तिथे जाड पुट्टी किंवा फायबर आहे. मग जॅक पॉइंटवर उचलून दार उघडून-मिटून बघा. चौकटीला घासलं तर पेटीत दम नाही.

त्याहून महत्त्वाचं काम सुरू होण्याआधीच करायचं. कोटेशनमध्ये नुसतं 'पत्राकाम' चालवून घेऊ नका. कुठला भाग, किती इंच, किती गेज, कुठलं वेल्डिंग, सगळं लिहून घ्या. प्रायमर मारण्याआधी उघडा सांधा डोळ्यांनी बघायचा आणि कापलेले जुने तुकडे मागून घ्यायचे, अशी अट घाला. ज्यानं खरंच पत्रा कापला, त्याच्याकडे ते असतातच.

फसगत झालीच असेल तर गाडी लगेच दुसऱ्याकडे खोलायला देऊ नका. आधी पट्टी लावून पुट्टीच्या जाडीचे फोटो काढा, रिव्हेट जपून ठेवा आणि दुसऱ्या जाणकाराकडून लेखी अहवाल घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही.