हरिहरेश्वरला खोली बुक करताय? आधी पावती नीट बघा

हरिहरेश्वरला राहायची सोय फोनवरून करणार असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. आमचे ११,४०१ रुपये गेले. त्यातले अर्धे कुठल्यातरी बँकेत अडकून पडलेत, बाकीचे कुठे आहेत ते त्या माणसालाच ठाऊक.

बाबांचं वर्षश्राद्ध हरिहरेश्वरला करायचं, हे आईच्या मनात होतं. दक्षिण काशी म्हणतात त्या क्षेत्राला, आणि आम्ही दापोलीकडचे, म्हणजे वेश्वीच्या फेरीबोटीत गाडी चढवली की खाडीपलीकडे हरिहरेश्वरजवळचं बागमांडला. शिवाय नदी सावित्री. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात ज्या पाच नद्यांचा उगम मानतात, त्यातल्या कृष्णा, कोयना, वेण्णा देशावर जातात. ही मात्र पोलादपूर, महाड करत आपल्याकडे उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. बाबांची सगळी नोकरी महाडात झाली. त्यामुळे दुसरं ठिकाण कोणी सुचवलंच नाही.

तिथी नेमकी सुट्ट्यांत आली. ओळखीच्या दोन घरगुती खानावळींत खोली नाही. पर्यटन महामंडळाचं निवासही भरलेलं. मग मोबाईलवर ‘हरिहरेश्वर भक्तनिवास’ असं शोधलं. सगळ्यात वर जे आलं त्यात देवळाचा फोटो, खोल्यांचे फोटो, भरपूर तारे आणि एक मोबाईल नंबर. फोन लावला तर पलीकडून, ‘‘नमस्कार काका, बोला, किती माणसं?’’

या माणसाचं बोलणं सविस्तर सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. पैशाचा विषय त्याने काढलाच नाही. आधी विचारलं, बरोबर वयस्कर कोण आहे का. मग सांगितलं, ‘‘पहिल्यांदा काळभैरवाचं दर्शन घ्या, मग हरिहरेश्वराचं, आणि परत काळभैरवाचं. प्रदक्षिणेला ओहोटी बघूनच उतरा. कड्यातल्या पायऱ्या उभ्या आहेत, आईंना वरच बसवा.’’ थोड्या वेळाने त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळाही व्हॉट्सॲपवर आल्या. आई म्हणाली, देवमाणूस दिसतोय.

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. दर्शनाचा क्रम तोच आहे. प्रदक्षिणेची वाट दोन खडकांच्या मधून खाली समुद्रावर उतरते आणि लाटांनी जाळीसारख्या पोखरलेल्या कातळावरून जाते. भरतीला ती पाण्याखाली असते आणि तिथे माणसं ओढली गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. पण ही माहिती कुणालाही घरबसल्या मिळते. ती सांगणारा माणूस हरिहरेश्वरात आहे असं काही त्यातून ठरत नाही. आम्ही मात्र ‘एवढं माहीत आहे म्हणजे तिथलाच’ असं धरून चाललो, आणि त्याला तेच हवं होतं.

दोन खोल्यांचे ३,६०० आणि श्राद्धविधीचे, सामान धरून, २,१००. एकूण ५,७००. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं एका बाईंचं. विचारलं तर म्हणाला, ‘‘आमच्या अकाउंटच्या मॅडम आहेत, काका.’’ तिथेच थांबावं अशी जागा होती ती. पण लगेच पावतीची पीडीएफ आली. वर देवळाचं चित्र, खाली गोल शिक्का, जीएसटी नंबरसुद्धा. माझ्या भाच्याने तो नंबर नंतर पाहिला. सुरुवात ०८ने होती. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचा २७, आणि ०८ राजस्थानचा. कोकणातलं भक्तनिवास राजस्थानात नोंदवलेलं!

निघायच्या आदल्या रात्री पुन्हा फोन. ‘‘काका, तुमचं पेमेंट सिस्टीमला लागलं नाही. ५,७०१ करून परत टाका, आधीचे आपोआप परत येतील. नाहीतर खोली दुसऱ्याला जाईल.’’ बॅगा भरलेल्या, श्राद्धाची तयारी झालेली, आई झोपायला गेलेली. पाठवले. नेमकी ही वेळ निवडणं हा त्यांचा धंदाच आहे. तीर्थाला निघालेला माणूस घासाघीस करत नाही, आणि श्राद्धाला निघालेला तर मुळीच नाही.

सकाळी वेश्वीच्या जेट्टीवर बोटीची वाट बघत असताना तिसरा फोन आला. परतावा द्यायचाय, पाठवलेला क्यूआर स्कॅन करून पिन टाका. हिने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि त्यालाच विचारलं, ‘‘पैसे घ्यायला पिन कशाला लागतो हो?’’ तो आधी गोड बोलला, मग आवाज चढवला, मग फोन बंद. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे द्यायला. घ्यायला काही करावं लागत नाही. क्यूआरही स्कॅन करावा लागत नाही.

बोटीत रेंज येत-जात होती. बागमांडल्याला उतरल्या उतरल्या १९३०ला फोन केला. तो सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. फोन लागायला वेळ लागतो, पण सोडू नका. ते रक्कम, वेळ, बँक आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक विचारतात. तो यूपीआय ॲपच्या व्यवहार-तपशिलात सापडतो. तक्रारीचा क्रमांक मेसेजने आला. आदल्या रात्रीचे ५,७०१ पुढच्या खात्यात होल्ड झाले. पहिले ५,७०० तोवर हातोहात पुढे गेले होते. हे पैसे खात्यातून खात्यात पळत असतात, म्हणून तासाभराचा उशीरही महाग पडतो.

पुढचं थोडक्यात. फोटोतली इमारत हरिहरेश्वरात खरंच होती, पण ते एकांचं खासगी लॉज. मालक बाहेर येऊन आमच्याकडे बघूनच म्हणाले, ‘‘बुकिंगवाले ना?’’ त्यांचे फोटो वापरून हे चाललंय आणि येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्यावरच ओरडतो. आईकडे बघून त्यांनी स्वतःच्या घरातली एक खोली रिकामी करून दिली. दुसऱ्या दिवशी गावातल्या गुरुजींनी विधी नीट केला. आगाऊ पैसे कुणी मागितले नाहीत.

हे फक्त आपल्याकडेच नाही. एप्रिल २०२५मध्ये केंद्राच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने केदारनाथ, चारधामची हेलिकॉप्टर तिकिटं आणि यात्रेकरूंच्या निवासांच्या खोट्या बुकिंगबद्दल इशारा दिला होता. हिमालयातली टोळी आपल्या खाडीपर्यंत कशाला येईल, असं वाटत असेल तर वरचा ०८ आठवा.

खोली ठरवताना व्हिडिओ कॉल करून ‘जरा बाहेर येऊन देऊळ दाखवा’ म्हणा. तिथे असेल त्याला दोन मिनिटं लागतात. देवस्थानच्या नावाने पैसे मागितले आणि स्क्रीनवर व्यक्तीचं नाव आलं, तर व्यवहार तिथेच सोडा. रक्कम छोटी असली तरी तक्रार करा. एकाच खात्याविरुद्धच्या तक्रारी एकत्र झाल्या तर पोलिसांना माग काढणं सोपं जातं.

मोबाईलवर सापडलेली भक्तनिवासाची ती नोंद आम्ही बनावट म्हणून कळवली, ती निघालीही. आता तेच फोटो वेगळ्या नावाने आणि वेगळ्या नंबरने पुन्हा वर आलेत.