टीटीचे शॉकअप बदलायचेत: नुसत्या स्प्रिंगा, जुळवलेला संच की कॉइलओव्हर?

दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी, म्हणजे 2006 ते 2014 मधली, कुणी आज जुन्या बाजारातून घेतली असेल तर तिचे मूळ शॉकअप थकलेत असंच धरून चालावं. चोर्ला घाटाच्या वळणांवर गाडी डुलायला लागते, जांबोटी रोडच्या खड्ड्यात मागून ठक्क वाजतं, आणि मग मालकाच्या मनात येतं, की बदलायचंच आहे तर थोडी खाली बसवू, थोडी कडक करू. ही हौस मला मनापासून पटते. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात रोज गाडी चालवणाऱ्याने ब्रँड निवडण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: पार्ट बसवताना काय अडणार, आणि बसल्यावर इथल्या रस्त्यांवर काय सोसावं लागणार.

माझं मत आधीच सांगतो. स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठी बनवलेला संच घ्या, आणि 25-30 मिलीमीटरच्या खाली उतरू नका. का, ते पुढे येतंच.

सगळ्यांत स्वस्त वाट म्हणजे शॉकअप तेच ठेवून नुसत्या आखूड स्प्रिंगा घालणं. नव्या गाडीत हे चालून जातं. थकलेल्या शॉकअपवर मात्र हा पैसा वाया जातो, कारण आखूड स्प्रिंगमुळे शॉकअपचा दांडा कायम खालच्या भागात काम करतो, स्प्रिंगही कडक असते, आणि उसळी आवरायची ताकद त्याच्यात उरलेली नसते. शिवाय आतलं बंप स्टॉप सूचनेप्रमाणे कापलं नाही, तर प्रत्येक खड्ड्यात गाडी स्प्रिंगवर न बसता त्या रबरावर आपटते. स्प्रिंगा घ्यायच्याच असतील तर पुढच्या अ‍ॅक्सलचं वजन बघून घ्या. 3.2 लिटरचं व्ही6 इंजिन आणि 2.0 टर्बो यांच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात. सुट्या चाकाच्या खोबणीत आणि सर्व्हिस बुकात जो पीआर कोडचा (कारखान्यातून गाडीत काय बसून आलं ते सांगणाऱ्या छोट्या कोडांचा) स्टिकर असतो, त्यावरून आपल्या गाडीत कोणतं सस्पेन्शन आलंय ते कळतं. पार्ट मागवण्याआधी त्याचा फोटो काढून विक्रेत्याला पाठवा.

जुळवलेल्या संचाचं ओळखीचं उदाहरण म्हणजे बिल्स्टाइनचं बी12. त्यात आखूड दांड्याचे बी8 शॉकअप आणि आयबाखच्या स्प्रिंगा एकत्र येतात. गाडी खाली करायचीच नसेल तर त्याच कंपनीचे बी6 शॉकअप मूळ उंचीवर, मूळ स्प्रिंगांसोबत बसतात. पहिल्या नांगरणीनंतर ज्यांच्या घरासमोरच्या रस्त्यावर चिखलाची चाकोरी पडते, त्यांनी बी6 चाच विचार करावा. वळणावरची पकड सुधारते आणि पोट घासत नाही.

या संचात अडचण येते ती पुढच्या नकलवर, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या लोखंडी भागावर. फोक्सवॅगन गटाच्या या प्लॅटफॉर्मवर पुढच्या स्ट्रटचा (स्प्रिंग ज्यावर बसते त्या पुढच्या शॉकअपचा) व्यास दोन प्रकारचा आहे: 50 मिलीमीटर आणि 55 मिलीमीटर. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून चाक काढून, स्ट्रट जिथे नकलच्या पकडीत शिरतो त्याच्या लगेच वर, व्हर्नियरने मोजा आणि मगच ऑर्डर द्या. बाहेरून मागवलेला पार्ट परत पाठवण्यात पैसा आणि महिने दोन्ही जातात. 55 च्या जागी चुकून 50 चा स्ट्रट आला तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर स्लीव्ह, म्हणजे फरक भरून काढणारी नळी, करून घ्यायचा मोह होतो. तिथल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला तिळमात्र शंका नाही, मागाल ते माप ते काढून देतील. पण या पकडीवर ब्रेकचा आणि वळणाचा सगळा जोर येतो. म्हणून स्लीव्ह लावायचीच असेल तर स्ट्रटच्या उत्पादकानेच संचासोबत दिलेली लावा.

बसवताना मिस्त्रीच्या शेजारी उभे राहा. नकलच्या मागच्या फटीत पसरवायचं हत्यार घालून ते पाव फेरा फिरवलं की पकड सैल होते आणि जुना स्ट्रट सरळ वर निघतो. नव्या स्ट्रटवरचा छोटा कान त्याच फटीत बसला पाहिजे, आणि स्ट्रट तळाला टेकला पाहिजे. जोरात हातोडी मारायची वेळ आली तर थांबा, माप तरी चुकलंय किंवा फट पुरेशी उघडलेली नाही. पकडीचा बोल्ट ताणून बसणाऱ्या जातीचा आहे, त्यामुळे तो नवाच हवा. टॉप माउंट (स्ट्रटचं वरचं टोक गाडीला धरणारी रबरी बैठक) आणि त्याखालचं बेअरिंगही याच वेळी बदला, नाहीतर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग टणकन उडी मारते आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते रबरी बुशांकडे. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत, आणि त्याच अवस्थेत मागच्या आर्मचे बोल्ट आवळले जातात. गाडी खाली आली की रबर पिळलेलंच राहतं. त्यातून करकर सुरू होते, उंची चुकते आणि बुश लवकर फाटतो. उपाय सोपा आहे. खोलण्याआधी चाकाच्या केंद्रापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांवर लिहून ठेवा. नंतर जॅकने आर्म तेवढा वर उचला (गाडी खाली करत असाल तर उतरवलेली उंची त्यातून वजा करा) आणि मग बोल्ट आवळा.

कॉइलओव्हरची, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या संचाची, ओढ मला कळते. बिल्स्टाइनच्या बी14 मध्ये फक्त उंची बदलता येते, बी16 मध्ये शॉकअपचा कडकपणाही. केडब्ल्यू या कंपनीत व्हेरिएंट 1 उंचीपुरता आहे, 2 मध्ये रिबाउंड (शॉकअप उलगडतानाचा विरोध) आणि 3 मध्ये कॉम्प्रेशनही (दबतानाचा विरोध) हातात येतं. ट्रॅकवर जाणाऱ्याला याची किंमत वसूल होते. पण टीटीच्या मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, त्यामुळे तिथे कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंगच्या बैठकीवर चढवलेला उंची बदलणारा तुकडा. तो चुकीच्या टोकाला बसवला तर स्प्रिंग तिरकी होते. पुढे रुंद टायर असेल तर स्प्रिंगची बैठक टायरच्या आतल्या कडेला भिडते आणि चाक बाहेर सरकवणारा स्पेसर लावावा लागतो. गाडी फार खाली गेली की स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला) जोडणारा मूळ लिंक रॉड लांब पडतो आणि तो बार चाकाला ताकद देणाऱ्या ड्राइव्हशाफ्टच्या जवळ येतो.

त्यात इथला पाऊस आणि लाल माती. कणकुंबीकडून एक पावसाळा गाडी आणली की तांबडा चिखल कॉइलओव्हरच्या थ्रेडमध्ये जाऊन सुकतो आणि उंची बदलायची रिंग जाम होते. केडब्ल्यू यावर स्टेनलेस स्टीलची बॉडी देते, तिला गंज चढत नाही, पण चिखल ब्रशने काढावाच लागतो. पावसाळ्यानंतर खाली शिरून हे करायची तयारी नसेल, तर उंची बदलायची सोय दोन वर्षांनी नावापुरती उरते.

आणि उतरवायची तरी किती? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक मापात स्पीडब्रेकर 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर लांब असतो. गावाच्या वेशीवर लोक घालतात तो तेवढाच किंवा अधिक उंच, पण लांबीला जेमतेम हातभर. 40-50 मिलीमीटर खाली गेलेली टीटी त्यावर तिरकी घातली तरी घासते. ऊस गळिताच्या हंगामात ट्रॉलीतून पडलेली कांडी बंपरखाली अडकते ती वेगळीच.

गाडीत मॅग्नेटिक राइड, म्हणजे कडकपणा विजेवर बदलणारे शॉकअप, असतील तर तीनही पर्यायांचं गणित बदलतं. त्या शॉकअपला वायर असते. साधे शॉकअप बसवले की डॅशबोर्डवर इशारा पेटतो, तो बंद करायची व्यवस्था आधीच मागवून ठेवा. झेनॉन दिवे असतील तर आर्मवरचा उंचीचा सेन्सर नव्या उंचीवर पुन्हा सेट करून घ्या, नाहीतर रात्री महामार्गावर दिव्यांचा झोत चुकीच्या उंचीवर पडतो.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मुळे मूळ उत्पादकाच्या तपशिलापासून दूर जाणारे बदल अडचणीत येऊ शकतात. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि काढलेले मूळ पार्ट कपड्यात गुंडाळून जपून ठेवा. पुढे गाडी विकतानाही ते कामी येतात.

काम झाल्यावर काही दिवस गाडी चालवू द्या, स्प्रिंगा बसू द्या, मग उंची पुन्हा मोजा आणि त्यानंतरच अलाइनमेंट करा. अलाइनमेंटवाल्याला चारही चाकांचा छापील कागद मागा. पुढे टो (वरून बघता चाकाचा आत-बाहेर रोख) लावता येतो, कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) फारसा हलत नाही. मागे मात्र टो आणि कॅम्बर दोन्ही लावता येतात, त्यामुळे मागचे आकडे लाल दाखवत असताना "एवढं चालतं" असं कुणी म्हणालं, तर गाडी तिथून बाहेर काढू नका.