भिंतीमागचं काम : जुन्या मोटरहोमच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक

बिलावर लिहिलं होतं, "छप्पर व मागची भिंत उघडून कुजलेलं लाकूड काढलं, नवीन चौकट बसवली, सर्व सांधे ब्यूटिल टेप लावून पुन्हा सील केले." (ब्यूटिल टेप म्हणजे सांध्यात दाबून बसवायची, पाणी अडवणारी चिकट पट्टी.) यातलं एकही काम झालेलं नव्हतं. पैसे मात्र पूर्ण घेतले. ज्यांच्याकडे जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, आहे, किंवा जे घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. फसवण्याची ही पद्धत इतकी सोपी आहे की ती एकाच वर्कशॉपपुरती असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

आधी गाडीची बांधणी सांगते, कारण सगळी लबाडी तिच्याच आडोशाने चालते. आमची गाडी लाकडी सांगाड्याची. बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये लाकडी पट्ट्यांची चौकट आणि थर्माकोल, आतून पातळ प्लायवुड. सगळ्याच जुन्या मोटरहोम अशा नसतात. १९७३ ते १९७८ या काळात निघालेल्या जीएमसी मोटरहोमचा सांगाडा ॲल्युमिनियमचा होता, तिथे कुजण्याचा प्रश्न वेगळा. पण त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांच्या भिंतीत लाकूडच आहे. छप्पर आणि भिंत जिथे मिळतात तिथे एक ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने बसवलेली असते. तिच्याखालचं सीलंट उन्हाने सुकतं, तडकतं, आणि स्क्रूच्या भोकातून पाणी थेट लाकडात उतरतं. बाहेरून काहीच कळत नाही. आतला प्लाय फुगायला लागतो तेव्हा चौकट कधीच काळी पडलेली असते.

आमच्या मागच्या एका कोपऱ्यात हे झालं होतं. ते आम्हाला दिसलं होतं, म्हणूनच गाडी दुरुस्तीला दिली. वर्कशॉपचा मालक बोलायला अतिशय मोकळा, माहिती भरपूर. कोणत्या मॉडेलला पाणी कुठून शिरतं हे त्याने न बघता सांगितलं. गाडी ताब्यात गेल्यावर थोड्याच दिवसांत त्याचा फोन आला, "ताई, उघडून बघितलं तर आत सगळं गेलंय. काम वाढणार."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. ते खोटंच असतं असं नाही, आणि तीच त्याची ताकद आहे. जुन्या मोटरहोमची भिंत उघडली की अंदाजापेक्षा जास्त कूज निघते, हे प्रामाणिक कारागीरही सांगतो आणि त्यालाही एस्टिमेट वाढवावं लागतं. फरक पुढच्या वाक्यात असतो. प्रामाणिक माणूस म्हणतो, "येऊन बघून जा, तोवर मी बंद करत नाही." आम्ही यायचं म्हटलं तेव्हा आम्हाला उत्तर मिळालं, "कशाला त्रास घेता, फोटो पाठवतो."

फोटो आले. उघडी चौकट, काळं लाकूड, नंतर नवीन पांढऱ्या पट्ट्या. नंतर आमच्या सुताराने ते निवांत पाहिले आणि एका फोटोवर बोट ठेवलं. फोटोतल्या खिडकीच्या खाचेचे कोपरे काटकोनी होते. आमच्या गाडीच्या सगळ्या खिडक्यांचे कोपरे गोल आहेत. फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचे होते. त्यांत आमची भिंत कुठेच नव्हती.

गाडी परत आली तेव्हा दिसायला देखणी होती. आतून नवीन प्लाय, ताजा रंग, बाहेर पट्टीच्या कडेने सीलंटची सरळ, चकचकीत रेघ. पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच कोपऱ्यातून कुबट वास यायला लागला.

सुतार ओळखीचा, लाकडी बोटींचं काम करणारा. त्याने आधी बोटाच्या पेराने भिंत ठोकत नेली. बराच भाग टणक वाजला, कोपऱ्याजवळ आवाज एकदम मेला. मग त्याने दोन सुयांचा मॉइश्चर मीटर लावला. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या आत असेल तर बुरशी वाढत नाही, लाकूड टिकतं. ३० च्या आसपास गेली की कूज चालूच आहे असं धरायचं. मीटर त्या कोपऱ्यात ३० च्या पुढे गेला, आणि तेही नवीन म्हणून बसवलेल्या भिंतीत. मग पट्टी सोडवली. स्क्रू फिरवावे लागलेच नाहीत, दोन बोटांनी ओढून बाहेर आले. नवा प्लाय जुन्या कुजलेल्या चौकटीवर तसाच चिकटवलेला होता. जिथे लाकूड अगदीच नाहीसं झालं होतं तिथे स्प्रेचा फोम भरून पोकळी बुजवलेली. चौकटीचा तुकडा हातात घेतला तर ओल्या भुशासारखा चुरडला. ब्यूटिल टेपचा पत्ताच नव्हता.

बाहेरची ती सुंदर रेघ सिलिकॉनची होती. ब्यूटिल कडक होत नाही, पट्टीखाली दाबलेलं मऊ राहतं आणि गाडीच्या हादऱ्यांबरोबर हलतं, म्हणून ते वापरायचं. त्यासाठी पट्टी काढावी लागते, जुना थर खरवडावा लागतो, कुजलेली लाकडं बदलावी लागतात, मग टेप, मग नवे स्क्रू. हे दिवसांचं काम. सिलिकॉनची नळी वरून फिरवायला तासही लागत नाही. शिवाय आत शिरलेलं पाणी बाहेर यायची वाटही त्या रेघेने बंद केली. आणि सिलिकॉनवर नंतर दुसरं काही धड चिकटत नाही, त्यामुळे ते कणाकणाने काढण्याची मजुरी पुन्हा आमच्याच माथी.

टायरचं थोडक्यात. त्याने बसवलेले "नवीन" टायर काळेभोर चमकत होते, नक्षी पूर्ण होती. पण टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांनी सुरू होणारा एक कोड असतो, त्याच्या शेवटी चार आकडे असतात : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. आमचे टायर न वापरलेले असतील, पण वर्षानुवर्षं कुठेतरी पडून म्हातारे झालेले होते. मोटरहोम वजनदार असते आणि बराच काळ एका जागी उभी असते. तिचे टायर झिजण्याआधी वयानेच तडकतात. बिल देण्याआधी कोड वाचा, मिनिटाचं काम आहे.

फ्रिजचं मला अजूनही सर्वांत जास्त वाईट वाटतं. आमचा जुना फ्रिज गॅसवर चालणारा होता. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्यावर चालणारी ही रचना. तिच्यात कॉम्प्रेसर नसतो, हलणारा भाग नसतो, म्हणून ती चाळीस-चाळीस वर्षं टिकू शकते. मालक म्हणाला, कूलिंग युनिट फुटलंय, गॅस गेला. त्याने फ्रिज काढला आणि दुसरा, वापरलेला बसवला. आता कळतं की युनिट फुटलं तर दोन खुणा राहतात : अमोनियाचा झोंबणारा वास, आणि नळ्यांवर पिवळी भुकटी, कारण आतल्या द्रावणात गंज रोखण्यासाठी सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. आमच्या फ्रिजच्या मागे यातलं काही नव्हतं. तो गार कमी करत होता इतकंच. असे फ्रिज गाडी कलती उभी असली की नीट चालत नाहीत, आणि बर्नर किंवा धुराड्यात काजळी साठली तरी थंडावा कमी होतो. साफ करून, गाडी समतल उभी करून बघायला हवं होतं. मूळ गाडीबरोबर आलेला, आता सहज न मिळणारा तो फ्रिज त्याच्याकडेच राहिला. मागितला तेव्हा म्हणाला, भंगारात गेला.

म्हणून गाडी देताना कागदावर लिहून घ्या की काढलेला प्रत्येक भाग, अगदी कुजलेलं लाकूडसुद्धा, मालकाला दाखवून मगच टाकायचा. भिंत बंद करण्याआधी तुम्ही येऊन बघणार, हेही लिहा, आणि मोठा हप्ता त्या भेटीला बांधा, गाडी तयार झाल्याच्या दिवसाला नाही. फोटो हवेच असतील तर नंबर प्लेट किंवा तुमच्या ओळखीची एखादी वस्तू त्याच फोटोत दिसली पाहिजे. ज्याला खरंच काम करायचंय तो या अटींना नाही म्हणत नाही. आमच्या आताच्या सुताराने तर स्वतःच सांगितलं की उघडं असताना तुम्ही पाहिल्याशिवाय मी वरचा प्लाय लावणार नाही.

वर्कशॉपच्या मालकाचं म्हणणं अजून एकच आहे, "जुन्या गाडीची गॅरंटी कोण देतो?" गाडी जुनी आहे, पण न केलेल्या कामाचं बिल जुनं नाही. सुताराचा लेखी अहवाल, मीटरचे आकडे आणि ते काटकोनी खिडकीचे फोटो जोडून आम्ही लेखी तक्रार केली आहे.

इतकं सगळं पैशांचं झालं. पुढची गोष्ट जिवाची आहे. बिलात "चॅसीचा गंज काढून संरक्षक लेप" असंही होतं. चॅसी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. गंज काढलाच नव्हता. गंजावरूनच काळ्या, डांबरी अंडरकोटिंगचा जाड थर फवारला होता, आणि एका जागी हातोडीच्या हलक्या ठोक्याने पत्रा आत गेला. शिवाय तो फवारा मारताना गाडीच्या तळातल्या हवेच्या जाळ्याही झाकल्या नव्हत्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली जमिनीलगत साठतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्यात आणि शेगडीजवळ तळाला हवेची भोकं ठेवलेली असतात. आमची दोन्ही भोकं डांबराने बुजली होती आणि त्या अवस्थेत आम्ही गाडीत स्वयंपाक केला, झोपलो.

तुमची गाडी नुकतीच खालून काळी होऊन आली असेल तर शेगडी पेटवण्याआधी खाली वाकून या जाळ्यांतून टॉर्चचा उजेड आरपार दिसतो का ते पाहा. दिसत नसेल तर सिलिंडर बंद करा, भोकं मोकळी करून घ्या, आणि गॅसची लाइन त्या वर्कशॉपशी संबंध नसलेल्या माणसाकडून दाब लावून तपासून घ्या.